पायाळूला विजेचा नाद

मी पायाळू आहे. म्हणजे या जगात येताना डोकं मागं ठेवून पाय पुढं घालून आलो. आमच्याकडं अशा माणसाला जन्मभर दोन गोष्टी चिकटतात. एक, कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूनं तिथं लाथ मारायची, उसण उतरते. दुसरी, आभाळात वीज कडाडायला लागली की ती पायाळूलाच शोधत येते. पहिल्या गोष्टीमुळं सणसरच्या पंचक्रोशीत मला मान आहे. सांगवीचे एक तात्या वर्षातून दोनदा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून, वाकडे होत येतात. माझ्या दुकानाच्या फळीला धरून ओणवे राहतात आणि मी त्यांच्या कमरेत टाच हाणतो. मग 'उतरली, उतरली' म्हणत ते चहा पितात. माझा धंदा विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरून देण्याचा, वाइंडिंगचा. त्या धंद्यात इतकं समाधानी गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही. शाळेत असताना एकदा गणिताच्या मास्तरांनाही लाथ मारायचा योग आला होता. त्यांच्याच सांगण्यावरून मारली, पण मन लावून मारली.

दुसऱ्या गोष्टीमुळं मात्र माझं बालपण बाजेखाली गेलं. चैत्र-वैशाखात दुपारनंतर इंदापूरच्या अंगानं आभाळ भरून यायला लागलं की आई हातातलं काम टाकून मला हाका मारत सुटायची. मी सापडलो की घोंगडीत गुंडाळून बाजेखाली सरकवायची. पाय आधी झाकायची, डोकं राहिलं तरी चालेल. मग स्वतः दारात बसायची, अगदी उंबऱ्यावर, जणू वीज आलीच तर तिला विचारूनच आत येणार होती. बाहेर गल्लीतली सगळी पोरं गारा वेचत ओरडायची आणि मी बाजेच्या सुंभातून छपराचे वासे मोजायचो. धाकट्या बहिणीला दया यायची, ती माझ्यासाठी मुठीत गार घेऊन यायची. ती बाजेपर्यंत येईतो गारेचं पाणी झालेलं असायचं. मी तिची ओली मूठ चाटायचो.

असा हा मी, आणि मला नाद लागला तो विजेचे फोटो काढायचा. माणसाला नाद लागावा, पण तो बघून लागावा. तसं मला आमच्या घरी कुणी तरी सांगायला हवं होतं.

सुरुवात दुकानातच झाली. वळीव म्हणजे माझ्या धंद्याचा हंगाम. आज वीज कडाडली की उद्या दुकानापुढं जळक्या मोटारी येऊन पडतात. लोक मोटार उतरवताना टोमणा मारतात, 'तुमचं बरंय, वीज तुमच्या घरचीच.' चारेक वर्षांपूर्वी असाच वळीव सुरू झाला, लाइट गेली, हातात काही काम नव्हतं. मी दुकानाच्या शटरखाली उभा राहून मोबाइल बाहेर काढला आणि दाबत राहिलो. घरी येऊन बघितलं तर दोनशे फोटो निघाले होते. काहींत माझा अंगठा होता, काहींत पन्हाळीची धार, आणि बाकी सगळ्यांत वीज चमकून झाल्यावरचं काळंकुट्ट आभाळ. शंभर नंबरी काळोख, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेला. एका फोटोत मात्र डाव्या कोपऱ्यात एक पांढरा केस दिसत होता. तो केस मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, काच पुसा.

पण मला चटक लागली ती लागलीच. बारामतीत लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओवाल्याकडून मी जुना कॅमेरा घेतला. त्यानं मला युक्ती शिकवली. विजेमागं पळायचं नाही, कॅमेऱ्याचा डोळा दहा-वीस सेकंद उघडा ठेवून बसायचं, तेवढ्यात ती आली तर आपोआप सापडते. त्याला स्टँड लागतं, कॅमेरा हलता कामा नये. आता मी कारागीर माणूस, स्टँड विकत कशाला घेतोय. तुषार सिंचनाच्या जुन्या लोखंडी नळ्या घेतल्या, वेल्डिंग करून सहा फुटी तिवई केली आणि मोठ्या ऐटीत खांद्यावर टाकून घरी आणली. बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, "आधीच तुमी पायाळू, त्यात खांद्यावर लोखंड. विजंला पत्ता इचारायची बी गरज न्हाय." दुसऱ्या दिवशी मी बांबूची तिवई केली. लोखंडाच्या तिवईवर सध्या माठ असतो.

आईला कळायला वेळ लागला नाही. तिची सत्तरी उलटलीय, गुडघे कुरकुरतात, पण कान शाबूत आहेत. ती नुसती जेवायची थांबली. दोन वेळा ताट तसंच राहिलं तेव्हा मी तिला शहाणपण शिकवायचं ठरवलं. आई अंगणात सूप घेऊन बाजरी पाखडत होती. मी तिच्यापुढं बसलो आणि सांगितलं की पायाळूचं हे सगळं थोतांड आहे, वीज कुणाचे पाय बघत नाही, ती उंची बघते. झाड, खांब, उघड्यावर उभा माणूस, जे उंच असेल त्याच्यावर ती आधी पडते. एवढ्यानं माझं भागेना. मी आत जाऊन मुसळ आणलं, ते अंगणात उभं धरलं, शेजारी एक वाटी ठेवली. म्हटलं, हे बघ, पडली तर मुसळावर पडणार, वाटीला काही होत नाही. मी फोटो काढताना खाली पाण्याच्या कोरड्या चारीत बसतो. म्हणजे मी वाटी. हे शास्त्र मी मोबाइलवर अर्धवट वाचलेलं होतं. पण अर्धवट वाचलेलं माणूस फार जोरात सांगतो.

आईनं सूप खाली ठेवलं. मुसळाकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. मग तिनं एकच विचारलं, उंच काही शेजारी असलं की खालचं वाचतं, असंच ना? मी म्हटलं, शाबास, अगदी असंच. चला, म्हातारीच्या डोक्यात उजेड पडला, म्हणून मी मुसळ जागेवर ठेवायला उठलो. तर तिनं माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, वीज कडाडत असताना बाहेर जाणार नाही म्हण. आता आली का पंचाईत. तिच्या डोक्याचे केस इतके विरळ झालेत हे मला तेव्हा पहिल्यांदा हाताला कळलं. मी म्हटलं, नाही जाणार. ती लगेच उठली आणि दोन भाकरी खाल्ल्या.

आठ दिवस मी शपथ पाळली, कारण आठ दिवस आभाळच आलं नाही. नवव्या दिवशी आलं. मी आईला म्हटलं, कळस गावाला एक मोटार बघायला जातो.

या थापेचं मला पुढं फार कौतुक वाटायचं. आता विचार केला की कान गरम होतात. बाहेर ढग गुरगुरतायत, सगळ्या शिवाराची लाइट गेलेली, आणि हा शहाणा चालला मोटार चालू करून बघायला. तेही खांद्यावर बांबूची तिवई आणि गळ्यात पिशवी घेऊन. आणि जायचो कुठं, तर कळसला नव्हेच. शेजारच्या गोठ्याआड मोटारसायकल लावायची, दोन उसाचे फड ओलांडायचे आणि कालव्याच्या भरावाखाली कोरड्या चारीत जाऊन बसायचं. घरातून जोरात हाक मारली तर ऐकू यावी एवढ्यावर. त्या वर्षी मी कळसची मोटार सात-आठ वेळा बघितली. दरवेळी आई एवढंच म्हणायची, सांभाळून जा. मला वाटायचं, म्हातारीला काय कळतंय.

मग तो दिवस आला. दुपारी असं उकडत होतं की दुकानात वार्निशच्या वासानं डोकं उठलं. वारा ठप्प. उसाचं पातं हलत नव्हतं. चारच्या सुमाराला पूर्वेला आभाळानं बांधायला सुरुवात केली. पांढऱ्यावर पांढरे थर चढत गेले, मग खालून ते काळवंडले. मी हातातली अर्धी भरलेली मोटार तशीच टाकली. गिऱ्हाइकाला म्हटलं, तार संपली. घरी आलो, आईला कळस सांगितलं आणि साडेपाचला चारीत होतो.

चारीत बसणं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी काहीतरी शूर करत होतो. बुडाखाली ढेकळं. डोक्यावर खताचं रिकामं पोतं, त्याच पोत्याचा अर्धा भाग कॅमेऱ्यावर. ढेकळातले मुंगळे पँटमधून वर चढतायत आणि हलायचं नाही, कारण कॅमेरा हलेल. समोर भराव, त्याच्यावर आभाळ. आधी धूळ आली. डोळ्यांत, दातांत, कॅमेऱ्यात. मग थेंब, टपोरे, अंगावर लागणारे. अंधारून इतकं आलं की समोरचा भराव नुसती काळी रेघ झाला. आणि मग ती यायला लागली. मी पोत्यात तोंड घालून बटण दाबायचो, वीस आकडे मोजायचो, सोडायचो, परत दाबायचो. मधे एकदा असा लख्ख उजेड झाला आणि त्याच क्षणी असा आवाज की माझ्या तोंडून 'आई गं' निघालं आणि मी चारीत पालथा झालो. बांबू तेवढा उभा राहिला. त्याला बिचाऱ्याला वीज कळत नव्हती.

पोत्याखाली डोकं घालून मी मागचा फोटो बघितला. सापडली होती. भरावाच्या पलीकडं वरपासून खालपर्यंत, फांद्या फुटलेली, एकही फांदी न तुटता. मी चारीत एकटाच हसत सुटलो. आजवरचे मुंगळे वसूल झाले. त्या आनंदात मी पावसात पोतं फेकून नाचलो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पाऊस ओसरल्यावर घरी आलो तर आई चुलीपाशी बसून केस पिळत होती. लुगडं ओलंचिंब, दारात घोंगडी वाळत घातलेली, तिच्यातून पाणी गळतंय. मी विचारलं तर म्हणाली, शेण्या भिजत होत्या, त्या झाकायला गेले. मी तिला असा फाडफाड बोललो. या वयात, एवढ्या विजेत, शेण्या-गोवऱ्यांसाठी बाहेर जायचं असतं का, काही अक्कल आहे का, पाय घसरून पडली असतीस म्हणजे. आई खाली मान घालून ऐकत होती. माझ्या खांद्यावरच्या तिवईचा चिखल तिच्या सारवलेल्या जमिनीवर गळत होता. तो तिनं हातानंच पुसून घेतला.

दुसऱ्या दिवशी तडक बारामती. स्टुडिओवाल्यानं फोटो मोठा करून पडद्यावर बघितला आणि चक्क उठून हात मिळवला. मी त्याला म्हटलं, दोन बाय तीन फुटी काढ, फ्रेम कर, दुकानात लावायचाय. तो फोटोत सरकत सरकत खाली आला. खालच्या बाजूला, भरावाच्या रेघेवर, एक काळा ठिपका होता. वर निमुळता, खाली रुंद. त्यानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, कालव्याचा दगड असेल, ते अंतराचे दगड असतात ना. नजरेला खुपतंय, काढून टाक. त्यानं दोनदा माउस फिरवला. भराव स्वच्छ झाला.

वास्तविक त्या भरावावर दगड नाही. माझं आयुष्य त्या भरावावरून जाण्यात गेलंय. पण माणूस स्वतःच्या फोटोच्या प्रेमात पडला की त्याला शिवारही नवं वाटतं.

फोटो दुकानात लागला आणि मी वाया गेलो. मोटार टाकायला येणारा प्रत्येक जण आधी फोटोपुढं उभा राहायचा आणि मी पाना हातात घेऊन त्याला माहिती द्यायचो. गावच्या ग्रुपवर टाकला, कारखान्याच्या सभासदांच्या ग्रुपवर टाकला, बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. तिथं कुणीतरी खाली दोन हात जोडलेले पाठवले, ते माझ्यासाठी की विजेसाठी ते कळलं नाही. एक आबा म्हणाले, हिनंच माझी मोटार जाळली, हिचा फोटो कशाला लावलाय? मी त्यांनाही वीस सेकंदांची युक्ती समजावून सांगितली. घरी मात्र मी हूं की चूं केलं नाही. आई दुकानात कधी येत नसे. रस्ता ओलांडायचा तिला कंटाळा. सगळं कसं माझ्या पथ्यावर पडलं होतं.

पण त्या भिजण्यानं आईला खोकला धरला होता, तो काही हटेना. पंधरा दिवसांनी बायको तिला दवाखान्यात घेऊन गेली. परत येताना उन्हाचं जरा टेकायला म्हणून दोघी दुकानात आल्या. मी वाइंडिंगच्या बाकड्यामागं होतो. उठून फोटोपुढं उभं राहावं, म्हणजे ती बघायची नाही, असा माझा विचार होता. दोन बाय तीनच्या फोटोपुढं मी उंचीला पुरलो असतो, रुंदीला नाही. तेवढ्यात आईनं बघितलंच.

मी शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिलो. शपथ मोडली होती, तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली. काय काय सांगायचं ते मी मनात जुळवत होतो. फोटो दुसऱ्यानं काढलाय, असंही म्हणायचं चाललं होतं. आई फोटोजवळ गेली. वीज तिनं बघितलीच नाही. चष्मा सावरून ती खाली, भरावाच्या रेघेवर बोट फिरवायला लागली, डावीकडून उजवीकडं. मग परत उजवीकडून डावीकडं. मग माझ्याकडं वळली.

"मी हितंच हुते की," ती म्हणाली. "मला का काढून टाकलं?"

मला आधी काही समजलंच नाही. मग एकदम सगळं समजलं. डोक्यावरून घोंगडी घेतलेली बाई लांबून, अंधारात, वर निमुळती आणि खाली रुंद दिसते. मी बाकड्यावर बसलो. हातातली तार केव्हा सुटली आणि वेटोळं गडगडत रस्त्यापर्यंत गेलं ते मला कळलं नाही, ते बायकोनं उचलून आणलं. मी विचारलं, तू तिथं कशाला आली होतीस? भरावावर, उघड्यावर, तसल्या कडकडाटात?

आईला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तूच न्हवं का दाखवलंस," ती म्हणाली. "तू चारीत, म्हंजी तू वाटी. मग मी मुसळ झाले."

बायको म्हणाली, अहो आत्या, ते पायाळूचं खोटं असतं म्हणून तर त्यांनी तसं सांगितलं होतं. आई म्हणाली, पायाळूचं खरं ते खरंच. पण ह्याचं पण खरं असलं तर? तिनं दोन्ही बाजू धरल्या होत्या. पायाळू म्हणून वीज माझ्याकडं यायला निघाली, तर वाटेत उंच ती उभी. मला ही शंका माझ्या शास्त्रात कधी आली नव्हती.

"किती वेळा आलीस?" मी विचारलं.

"जितक्यांदा तू कळसला गेलास तितक्यांदा."

सात-आठ वेळा. तिचे गुडघे दोन पायऱ्या चढताना कुरकुरतात आणि तो भराव पुरुषभर उंच आहे, ओला झाला की शेवाळासारखा निसरडा. मी खाली पोत्यात तोंड घालून वीस मोजत होतो आणि वर ती उभी होती. मी घाबरून 'आई गं' म्हटलं तेव्हा ती माझ्यापासून तीस पावलांवर होती. तिनं ऐकलं असेल. आणि मी नाचलो तेही तिनं पाहिलं असेल, हे नंतर रात्री आठवलं. त्याचंही मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं, कारण तेवढं एक कुणीतरी बघितलं होतं.

स्टुडिओवाल्याकडं परत गेलो. म्हटलं, तो दगड परत घाल. तो माझ्याकडं बघतच राहिला. कॅमेऱ्यातला मूळ फोटो जागेवर होता, म्हणून बरं. नवा फोटो लावलाय. मोटार टाकायला येणारे लोक विजेचं कौतुक करतात आणि मग हटकून विचारतात, खाली ते काळं काय राहिलंय, पुसून घ्यायचं की. मी पहिल्यांदा सगळं सांगायला गेलो, तर अर्ध्यावरच पाना शोधायला आत गेलो. आता नुसतं म्हणतो, माझी आई आहे. मग ते मोटार उतरवतात.

त्यानंतरचा पहिला वळीव मृगाच्या तोंडावर आला. आभाळ भरून येताना मी स्वतःहून दुकान बंद केलं, घरी आलो, कॅमेरा फडताळात ठेवला, तो आईला दिसेल असा ठेवला. बाजेखाली आता माझं पोट मावत नाही, म्हणून बाजेवर बसलो, पाय वर घेऊन. म्हटलं, आई, बघ, मी कुठं जात नाही, मी घरातच आहे. तिनं मान हलवली. खुंटीवरची घोंगडी काढून मांडीवर घेतली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. वीज दोन तास कडाडत होती. तेवढा वेळ तिनं पायातल्या चपला काढल्या नाहीत.